पलंगामागची वायर

बाबा, आज सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, हा स्विच सारखा ट्रिप होतोय. बायपास करून देऊ? सगळेच करतात." मी नको म्हटलं. तो गेल्यावर बराच वेळ मीटरच्या खोक्यासमोर उभी राहिले आणि आपलं पनवेलचं घर आठवत होते.

तिथला तो पावसाळा: आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू आहे, भिंतींना ओल आलीय. दर दहा मिनिटांनी स्विच पडतो, मशीन थांबतं, आई माझ्याकडे बघते. शेजारच्या काकू मूळच्या नेरे गावच्या. त्या म्हणतात, "काढून टाका ना तो! आमी गावाला डायरेकच टाकलीय लाइन, काय नाय झाला." मीही तुमच्यावर ओरडले, "बाबा, उभा जन्म वायरमनकी केलीत, एका दिवसापुरता नियम सोडा. जरा अक्कल वापरा!" तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. "अक्कल वापरूनच सांगतोय. करंट कुठेतरी गळतोय, म्हणून तो पडतोय. आणि तिचा पलंग लोखंडी आहे." मेन स्विच बंद केलात आणि भर दुपारी रिक्षा करून सिलेंडर आणायला गेलात. तो पाऊण तास मी आईला पुठ्ठ्याने वारा घालत होते.

सिलेंडर लावून झाल्यावर तुम्ही भिंत फोडलीत. वायर आईच्या उशामागेच सापडली, सोललेली, ओली. "बघ," म्हणालात. मी मान वळवली नाही. तिसऱ्या दिवशी आई गेली, आणि भेटायला येईल त्याला मी सांगत राहिले की ती नियमापायी गेली. तुम्ही आत चहा गाळत होतात. सगळं ऐकू जात होतं, हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर कुणी कामाला बोलावलं की तुम्ही म्हणायचात, आता जमत नाही. पुढची कितीतरी वर्षं आपण ताटाला ताट लावून जेवलो. त्यात एकदाच विचारलंत, "सिलेंडर आधीच आणून ठेवायला हवा होता, नाही गं?" मी तुम्हाला आमटी वाढली.

हे आता कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. आई गेली त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं होतं, फुप्फुसंच संपली होती, त्या पाऊण तासाने काही फरक पडला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मला त्यांचा शब्दन् शब्द आठवत होता.