मधली तार

प्रिय मधली,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. इतकं ठीक आहे की कालपासून मी एकटीच हसत बसते आणि बाबा माझ्याकडे संशयाने बघतात. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन टेबलावर ठेवून सगळ्यांनी मिळून ऐकायची पद्धत. यातली एक गोष्ट मात्र तुला जावईबापूंच्या कानावर बेताबेताने घालायची आहे. म्हणून आधी तू एकटीने वाच, आणि चहा पीत वाच, कारण मी आज आवरतं घेणार नाही.

रविवारी तुम्ही दोघं बाबांना न्यायला येणार. खोली तयार ठेवलीस, पडदेसुद्धा बदललेस, मला सगळं कळलं. खरं सांगू? तू 'आई, बाबांना आता एकटं वर झोपू देऊ नकोस' म्हणालीस तेव्हा मला रागही आला आणि बरंही वाटलं. या दोन महिन्यांत मी फार घाबरले होते गं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, छापखान्यात ज्यांच्या नजरेतून एक वेलांटी सुटायची नाही, ते माझे बाबासाहेब संध्याकाळी जिन्याच्या तळाशी बटणावर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, 'अगं, दिवा लागत नाही.' मी पोळपाट-लाटणं टाकून येईपर्यंत ते चाचपडत वर पोचून तिथलं बटण दाबून मोकळे झालेले असायचे आणि दिवा लख्ख! मी खालचं बटण बंद करून बघायची, चालू करून बघायची. लागतोय की! 'तुम्ही नीट दाबतच नाही,' म्हणून मी करवादायची. बल्ब बदलून झाला. मग हळूहळू त्यांनी तक्रार करणंच सोडलं. एकदा अंधारात तिसऱ्या पायरीवर बसलेले दिसले. मला विचारतात, 'मी आत्ता बटण दाबलं का गं?' त्यानंतर कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. डॉक्टर म्हणाले होते, स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे. पण त्या जिन्यापुढे डॉक्टरांचं कोण ऐकतो? त्यात गेल्या आठवड्यात चष्मा हरवला. झालं, शिक्कामोर्तब.

त्याच्या आधीच मी वाचनालयाच्या हॉलमधल्या 'घरच्या घरी दुरुस्ती' वर्गात नाव घातलं. तुला वाटलं, आईला म्हातारपणी नवं खूळ लागलं. असू दे, ते पुढे सांगते. शिकवणाऱ्या बाईंनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला, म्हणून आम्ही त्यांना लिफ्टवाल्या बाई म्हणतो. आवाज असा की वरच्या मजल्यावर वाचणारे खाली येऊन भांडतात. पहिल्या दिवशी एक सेल, एक छोटा बल्ब आणि तार हातात दिली. मी एकच तार जोडून दिवा लागायची वाट बघत बसले. मला आपलं वाटायचं, वीज तारेतून दिव्यापर्यंत येते आणि तिथे रॉकेलसारखी जळून संपते. बाई कडाडल्या, 'अहो, संपते कुठली! निघाली तिथे परत पोचली पाहिजे. वाट मध्ये तुटली की खेळ खलास!' दुसरी तार जोडली आणि दिवा लागला. काय सांगू तुला, टाळ्याच वाजवल्या मी.

पुढे एकाच वाटेवर दोन बटणं एकामागोमाग लावायला शिकवली. त्यात दोघांचाही होकार लागतो. एकाने जरी तोंड फिरवलं तरी दिवा नाही. मी म्हटलं, हा तर संसार झाला. मग आला जिन्याचा दिवा. त्यात वरच्या आणि खालच्या बटणामध्ये दोन वाटा असतात. प्रत्येक बटणाला तीन टोकं, त्यातलं मधलं मुख्य. म्हणून कुणीही एकाने बटण फिरवलं की दिवा लागतो नाहीतर जातो, दुसऱ्याला विचारावं लागत नाही. मी फळ्यावरचं चित्र बघत म्हटलं, 'आमच्याकडे असं नाही हो होत. वरून दिवा घालवला की खालून काही केल्या लागत नाही.' बाईंनी खडू खाली ठेवला. 'मग तुमच्या जिन्यातल्या तारा चुकल्यात.' मी विचारलं, 'म्हणजे माणूस नाही चुकला?' त्यांना काही कळेना, आणि मला तिथेच रडू फुटलं.

काल त्या घरी आल्या. आधी मेन स्विच बंद केला, मग खालचं बटण उघडलं. तुला आठवतं ना, ते तडकलेलं बटण गेल्या खेपेला कुणी बदललं होतं? जावईबापूंनी! किती हौसेने, बाह्या सरसावून! आम्ही बल्बवर शंका घेतली, विजेवर घेतली, स्वतःच्या डोक्यावर घेतली, पण जावयाच्या कामावर? छे! बाबा तर म्हणायचे, 'त्यांनी बसवलंय ते कसं बिघडेल?' बाई माझं वर्गातलं चित्र हातात धरून तारा बघत होत्या. एवढ्यात बाबा भिंग घेऊन पुढे सरकले. एक नजर कागदावर, एक भिंतीत, अगदी पूर्वी मूळ प्रत आणि छापलेली प्रत ताडून बघायचे तशी. बाईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, 'अक्षरं उलटी पडलीत. मधली तार कडेला गेलीय आणि कडेची मध्ये आलीय.' लाल पेन्सिल शोधून त्यांनी माझ्या कागदावर अदलाबदलीची खूण केली, तीच छापखान्यातली नागमोडी. बाई म्हणाल्या, 'बरोब्बर!' आणि त्या दोन तारा बदलून बटण पुन्हा बसवलं. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दोन महिन्यांनी माझा माणूस मला परत दिसला.

तर मधले, हे पत्र एवढ्यासाठी, की रविवारी या, जरूर या, पण न्यायला नको, राहायला या. जावईबापूंना रागावू नकोस, बाबांनीच बजावलंय. फक्त जिन्यातला दिवा आधी त्यांनाच लावू दे. आणि तो वर्ग मी का लावला, तर बाबा तुझ्याकडे गेल्यावर या घरात दिवा गेला तर मी कुणाला हाक मारणार होते? ते आता नको. काल गुडघे धरत मी वर गेले आणि दिवा घालवला. बाबांनी खालून लावला. मी पुन्हा घालवला, त्यांनी पुन्हा लावला. दोघं म्हातारे कितीतरी वेळ हाच खेळ खेळत होतो. मग खाली येऊन तुझ्याकडे न्यायची त्यांची बॅग रिकामी केली. चष्मा तळाशी होता. बॅग मीच भरली होती.

तुझीच, आता कुणाच्याही डोक्यावर शंका न घेणारी,
आई