अशक्तपणाशेजारचा ठिपका

बाबा, काल मी तुमचं ऐकलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. काल ओपीडी संपल्यावर मी एका बाईचा विम्याचा फॉर्म भरत होते. बाई धामणगाव बढ्याची, शाळेत शिकवते. तीन महिने तिला जेवण नको, झोप नको, आणि काल तिने मला जगणंही नको म्हणून सांगितलं. तिला दाखल करून घेणं भाग होतं. आमच्याकडे आता नुसतं आजाराचं नाव लिहून भागत नाही. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि आकडे असतात, तो कोड टाकल्याशिवाय विमा कंपनी मंजुरी देत नाही. तिचा कोड एफ बत्तीस पॉइंट दोन, म्हणजे तीव्र नैराश्य. मी तो टाकणार, तेवढ्यात तिचा नवरा खुर्ची पुढे ओढून म्हणाला की विमा शाळेमार्फत आहे, कागद मुख्याध्यापक बघतील, घरात बहिणीचं लग्न जमवणं चाललंय, तेव्हा अशक्तपणा लिहिता येईल का. माणूस वाईट नव्हता. हात जोडत होता.

अशक्तपणा हा शब्द मी लहानपणी तुमच्याकडूनच शिकले. अमडापूरच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. बाजाराचा दिवस आहे, मी बाकावर बसून गणितं सोडवतेय. एक बाई डॉक्टरांपुढे नुसती रडते आहे आणि सासू सांगते आहे की ही महिनाभर कुणाशी बोललेली नाही. तुम्ही रजिस्टरमध्ये वळणदार अक्षरात अशक्तपणा लिहिता आणि लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकाने शेजारी बारीक ठिपका देता. तिला सलाइन लागते, ती घरी जाते. मी म्हटलं, ती तर रडत होती, तर तुम्ही वसकन अंगावर आलात.

"कागदावर लिहिलं का ते बाईच्या मांगं लागते जन्मभर. तुले काय समजते त्यातलं?"

ठिपका म्हणजे मनाचं दुखणं, हे मी मेडिकलला लागले तेव्हा तुम्हीच सांगितलंत, आणि तीच पेन्सिल माझ्या हातात ठेवलीत. मला तेव्हा भरून आलं होतं. आता राग येतो. म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं! खरं काय ते तुमच्या ठिपक्यात राहिलं आणि त्या बायकांना मिळाली सलाइनची बाटली.

गंमत म्हणजे आमच्या यादीत तुमच्या अशक्तपणालाही कोड आहे, आर त्रेपन्न. टाकायला क्षणही लागला नसता. पण तो टाकला की मानसोपचाराच्या वॉर्डासाठी मंजुरी आलीच नसती, आणि बाई पुन्हा बाटली लावून घरी गेली असती. मी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि तिलाच विचारलं.

"मॅडम, अशक्त अशक्त म्हणून लय सलाइन झाल्या माह्या. जे हाय तेच लिवा. मले बरं व्हायचं हाय."

मी एफ बत्तीस टाकलं, बाबा, आणि नवऱ्याला आत बोलावून दोघांना त्याचा अर्थ समजावून सांगितला. शुगर, बीपी लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही, मग इथंच काऊन? तुमची त्या बायकांवर माया होती, हे मी नाकारत नाही. पण तुमची पद्धत मला मान्य नाही आणि यापुढेही मान्य होणार नाही. मुख्याध्यापकांना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला विचारावं. आज सकाळी मंजुरी आली. बाई वॉर्डात आहे, दुपारी अर्धी भाकरी खाल्ली असं नर्स सांगत होती.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, तेव्हा ते तुमची पेन्सिल ठेवलेल्या डब्यातच राहील. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच शेवटचं लिहिते. मागच्या वर्षी मीच आठ दिवस अंथरुणातून उठले नव्हते. मला काय झालंय ते मला कळत होतं, त्याचा कोड मला पाठ होता. रजेच्या अर्जावर मी अशक्तपणा लिहिलं. घरी ठेवलेल्या प्रतीवर मात्र, त्या शब्दाशेजारी, लाल ठिपका दिला.