बाबांचं भिंग

दादा,

बाबांना दवाखान्यात नेतेय. खोकल्याचं औषध समजून ते मालिशचं तेल प्यायले. बाटलीवरचं वाचायचं त्यांचं भिंग तू तुझ्या बुटाच्या खोक्याला चिकटवून ठेवलंयस. तुला फोन लावला, तर तोही त्याच खोक्यात वाजला. म्हणे घरच्या घरी स्वस्तात प्रोजेक्टर. भिंतीवर माणसं खाली डोकं वर पाय, आणि खोक्याला तुझ्या मोज्यांचा वास. शिसारी आली मला. भिंग उचकटून नेतेय. आल्यावर आधी बाथरूममधली ओकारी पूस, मग काय ते सिनेमे बघ.

बाबा दारात चपला घालताना म्हणताहेत, "भिंग मीच दिलं त्याला, उगाच बोलू नकोस." मग सकाळपासून उशीखाली काय चाचपत होते?