केनियाला जाण्याची पूर्वतयारी

२६ जानेवारी २००३, घुग्घुस
झेंडावंदन उरकून घरी आलो तर शेजाऱ्याने काल त्याच्याकडे आलेलं पत्र दिलं. निवड झाली! अमेरिकेतली एक संस्था केनियात गरजूंना व्हीलचेअर वाटते. ऑगस्टमध्ये एकवीस दिवस त्यांचा स्वयंसेवक : श्रीहरी नवघडे, भूगोल शिक्षक. तेवीस वर्षं फळ्यावर डोळे मिटून आफ्रिका काढतोय. आता प्रत्यक्ष.
अट एकच. आधी आपल्या भागात एका गरजूला व्हीलचेअर द्यायची, फोटो आणि पोचपावती नागपूर ऑफिसला पाठवायची. खुर्ची तेच देणार. किरकोळ काम आहे.
संकल्प : इंग्रजी रोज अर्धा तास. पोट कमी. डायरीत फक्त खरं लिहायचं.
ही म्हणाली, केनियात तुमचं पोट कोण बघणार आहे. दुर्लक्ष केलं.

२८ जानेवारी
इंग्रजी उद्यापासून.

९ फेब्रुवारी, रात्री ९
नागपूरहून खुर्ची आली. ती घेऊन, मुश्ताकची जीप करून, कुरखेड्याच्या पुढे सात किलोमीटरवरच्या गावी. माझी पहिली नोकरी त्याच गावच्या शाळेत. गरजू लगेच मिळाली. धुरपताबाई, पोचूची बायको. चार वर्षांपूर्वी चारोळीच्या झाडावरून पडली, कमरेखाली काही राहिलं नाही. तेव्हापासून अंगणाबाहेर गेलेली नाही.
खुर्चीत बसवलं तेव्हा ती बराच वेळ नुसती चाकावर हात फिरवत होती. मग स्वतःच ढकलून आंब्यापर्यंत गेली आणि परत आली. गाव गोळा झालं. फोटो उत्तम.
मुलगी मंगली हिचं लग्न ८ मेला. यांच्यात लग्न मुलाच्या घरी लागतं, दोन कोसांवर. पोचू म्हणत होता खाटेवर नेऊ. धुरपताबाई साफ नाही म्हणाली. चार जणं खाटेवर मेलेल्याले नेतेत, मले बसून लेकीचं लगन पाहाचं हाय, असं तिचं म्हणणं. बैलगाडीत टेकू नसल्याने ती बसू शकत नाही. म्हणजे खुर्ची अगदी वेळेवर आली.
निघताना खुर्ची जीपमध्ये परत ठेवून घेतली. स्वयंसेवकाला व्हीलचेअरचा स्वतःचा अनुभव नको? केनियात गेल्यावर ब्रेक कुठे असतो म्हणून विचारत बसू? लग्नाच्या आत नक्की आणून देतो असा शब्द दिला. मुश्ताक म्हणाला, सर, उतरवून देऊ ना इथीच. त्याला प्रशिक्षण म्हणजे काय कळत नाही.

२ मार्च
रोज संध्याकाळी खुर्चीत बसून पेपर वाचतो. अपंगांची वेदना आतून समजते आहे. पाठीला आराम वाटतो.
हिने सकाळी खुर्चीवरून गॅस सिलिंडर स्वयंपाकघरात नेला. रागावलो. ही म्हणाली, कोणाच्या तरी कामी आली.

२३ मार्च
खुर्ची पोचवायला आजच निघणार होतो. परीक्षा जवळ आल्या. पेपर कोण काढणार?

१३ एप्रिल
ऊन फार. या उन्हात रेक्झिन तापतं, पेशंटला चटका बसला असता. पुढच्या रविवारी.
इंग्रजी : पहिला धडा वाचला. येतं मला.

२७ एप्रिल
कुरखेड्याकडून येणाऱ्या कंडक्टरबरोबर पोचूचा निरोप. खुर्ची कवा येते, धुरपता रोज पुसून राह्यली. किती हा अविश्वास! मी शब्द दिलेला माणूस आहे. उलट निरोप पाठवला : ८ तारखेला सकाळी दहाच्या आत, मी स्वतः.

५ मे
आनंदाची बातमी आणि थोडी अडचण. गावातल्या व्यापारी मंडळींनी माझा जाहीर सत्कार ठरवला आहे. केनियाला जाणारे पहिले घुग्घुसकर. तारीख ८ मे, सकाळी अकरा. स्टेजवर व्हीलचेअर हवी, बॅनरवर तसं छापून झालंय.

७ मे
मुश्ताक आला. म्हणाला, सर तुमी सत्कार घ्या, मी एकटा जाऊन खुर्ची देऊन येतो, पहाटे निघतो, डिझेल माझं. भावना चांगली आहे, पण संस्थेच्या प्रतिनिधीच्या गैरहजेरीत हस्तांतरण नियमात बसत नाही. आणि बॅनरचं काय?
मुलीचं लग्न एकदाच होतं हे मलाही मान्य आहे. पण सत्कारही काही रोज होत नाही.

८ मे
सत्कार अविस्मरणीय. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. मी सेवा या विषयावर पस्तीस मिनिटं बोललो. प्रमुख पाहुणे फोटोसाठी खुर्चीत बसले आणि पुढचं डावं चाक वाकलं. तब्येतीने मजबूत आहेत. म्हणजे आज खुर्ची नेली असती तरी तिकडे मोडलीच असती. जे होतं ते बऱ्यासाठी.
मुश्ताक आला नव्हता.

२५ मे
संस्थेच्या नागपूर ऑफिसमधून दीपिका मॅडमचा फोन, पोचपावती अजून नाही. चाक दुरुस्तीला दिलेलं, त्यामुळे खुर्चीशिवायच गावी गेलो. पावती म्हणजे शेवटी कागद आहे.
धुरपताबाई दारात गोधडीवर टेकून होती. लग्न कसं झालं म्हणून आपुलकीने विचारलं. म्हणाली, लोक सांगतेत चांगलं झालं. ऐकून मनावरचं ओझं उतरलं.
पावतीवर पोचूचा अंगठा मागितला तर म्हणाला, गावसभा बसन, मंग होईन. या गावात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कशावरही सही होत नाही. सभा आंब्याखाली बसली. बुधरी नावाची एक म्हातारी दोन तास अडून होती, हेबी लिवा, तेबी लिवा. मी शाळेच्या व्हरांड्यात जरा आडवा झालो. चारला उठवून दोन पानी ठराव हातात दिला, खाली एकसष्ट अंगठे आणि सह्या. एका खुर्चीसाठी एवढी कृतज्ञता! डोळे भरून आले. निष्ठेने लिहिलेलं तपासत बसणं बरं दिसत नाही. तसाच पाकिटात घातला, कुरखेड्यालाच पेटीत टाकला.

१ जून
केनियासाठी टोपी घेतली.

१७ जून
दीपिका मॅडमचं पत्र. सोबत ठरावाची झेरॉक्स. उतरवून ठेवतो :
"खुर्ची ९ फेब्रुवारीला आली. धुरपता तिच्यावर अर्धा तास बसली. फोटो झाला. खुर्ची गुरुजींसोबत परत गेली. गुरुजींनी लग्नाआधी आणतो म्हणून सांगितले. लग्नाच्या दिवशी धुरपता नवे लुगडे नेसून सकाळपासून दारात होती. दुपारी वऱ्हाड तिला ठेवून निघाले. खुर्ची आमच्याकडे नाही. खुर्ची चांगली आहे."
केनियाची जागा रद्द. आठ दिवसांत खुर्ची पोचवा, असं पुढे आहे.
इतक्या लोकांनी मिळून लिहिलं आणि एकानेही मला उठवून वाचून दाखवलं नाही.

२२ जून
खुर्ची दिली. जीप मुश्ताकचीच. दुरुस्तीवाल्याकडे पडून राहिलेलं वाकडं चाक त्यानेच सरळ करून आणलं होतं.
पोचूने बायकोला उचलून खुर्चीत बसवलं आणि विचारलं, कुठी नेऊ? ती म्हणाली, आता कुठी नेता. मंगली पावसाळाभर तिकडेच, भाताच्या रोवणीच्या कामात, आणि तिकडची वाट आता चिखलाची. मी सुचवलं की बाजार आहे, देऊळ आहे. 
निघताना तिनेच विचारलं, गुरुजी, तुमी जाऊन आले काय त्या देशात? मी म्हटलं, नाही, रद्द झालं. कुजकटपणाने विचारलं असतं तर उत्तर सुचलं असतं. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.
म्हणाली, तुमाले तं लय दूर जाचं होतं. मले दोन कोसच जाचं होतं.
मग मी जीपमध्ये जाऊन बसलो.