राजाच्या वेशातला फोटो

धाकटे, बाई माझे,

आधी आली नाट्यगृहातली चष्मेवाली पोरगी, मागून तिथले साहेब. आमच्या ह्यांनी काढलेले त्या थोर नटाचे फोटो प्रदर्शनात लावायचेत म्हणे! मी फुगले नुसती. आणि साहेबांनी नेमका राजाच्या वेशातला उचलला. "आजी, काय हे डोळे! असा नट पुन्हा होणे नाही."

मी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी नट आलाच नव्हता, जाहिरात तर छापायची होती, म्हणून ह्यांनी मला बसवलं. मिशी तूच चिकटवलीस, आठवतं? हसू येतंय मेलं, पण बोलले तर ह्यांच्या, गेलेल्या माणसाच्या, नावाला बट्टा लागेल. हे पत्रही टाकणार नाही, तुला जावई वाचून दाखवतात ना.

गुरुवारी पुन्हा येतो म्हणालेत, मला त्याच फोटोशेजारी उभं करून माझा फोटो काढायला.

तुझी,
मिशीवाली ताई