तीन गोळ्यांचे भावोजी

तीर्थरूप भावोजींच्या चरणी धाकट्या मेव्हण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती, नावेची डागडुजी आणि माझ्यावरचा राग हे तिन्ही ठणठणीत असतील, अशी खात्री आहे.

नदीकाठच्या माशा चावून अंगात बारीक जंत शिरतात, आधी खाज सुटते आणि पुढे ते डोळ्यांत उतरून माणूस आंधळा होतो, म्हणून दवाखान्याने वर्षातून एकदा गोळ्या वाटायचं काढलं. गोळ्या उंचीप्रमाणे. मोजायची काठी माझ्या गळ्यात पडली, कारण मी शिंपी. (घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. शाळेचे गणवेश तसेच पडले होते.) पहिल्याच दिवशी सवयीने मी चौघांची छातीही मोजली, आणि एका म्हातारीने बाही जरा सैल ठेवायला सांगितलं. त्यात कुणीतरी उठवलं की जास्त गोळ्या म्हणजे जास्त मान. मग काय विचारता! मास्तर टोपीसकट उभे राहिले, सुईणबाईंनी अंबाडा डोक्याच्या टोकावर बांधला, आणि पाववाल्याने टाचा इतक्या उचलल्या की तोल जाऊन तो माझ्याच अंगावर आला.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमच्या धाकट्या बंधूंना चार गोळ्या बसल्या आणि तुम्हाला तीन. भावोजी, काठीला थोरला-धाकटा कळत नाही हो! पण तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि गोळ्या टेबलावर टाकून तुम्ही तरातरा निघून गेलात. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असं मी मागून ओरडलो, ते समजूत काढायला. (सगळे हसले, त्याला मी काय करू?) आता तुम्ही रात्रंदिवस अंग खाजवता असं ताई सांगते. आणि परवा भर दुपारी तुम्ही नाव धक्क्याला लावायची ती शेजारच्या खांबावर आपटलीत, ते मी स्वतः पाहिलं. तेव्हापासून मला भीती वाटते आहे.

लोभ असावा, राग आहेच.

तुमचा,
काठीवाला मेव्हणा

ता. क. रविवारी गोळ्या घेऊन घरीच येतो. काठी आणत नाही. तीन तुमच्या मापाच्या, चौथी पेपरमिंटची. धाकट्यांना कळायचं कारण नाही.

आणखी ता. क. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून हे पत्र मी ओळीगणिक अक्षर बारीक करत लिहिलं आहे. ही ओळ तर मुंगीएवढी आहे. म्हणजे ताई, आता तूच वाचत असणार. पत्र तुझ्या हातात कुठल्या ओळीला आलं, तेवढं मला कळव. आणि रविवारपर्यंत त्यांना नाव पाण्यात घालू देऊ नकोस.