पावसाळ्यासाठी ठेवलेल्या चिंगळ्या

२० एप्रिल १९४७, रविवार. संगमनेर

कासिम कराचीला जाणार, हे नक्की. त्याच्या अम्मीनेच सांगितले. तो शेजारीच अत्तराच्या कुपीला बूच बसवत होता, नाही म्हणाला नाही. त्याचा धाकटा भाऊ तिकडे रेल्वेत आहे. म्हातारीला आता त्याच्याजवळ राहायचे आहे, हा तिला पोचवायला जाणार. परत येणार का, ते विचारले नाही. दुकानात गिऱ्हाईक होते.

घरी येताना वाळ्याचा वास बराच वेळ सदऱ्याला होता.

२३ एप्रिल

नदी आटली. घाटाखालचे डोह तेवढे उरले. सकाळी काठावर बसलो. चिंगळ्यांचा थवा, बोटाबोटाएवढ्या मासोळ्या, सगळ्या एकदम वळतात आणि डोहभर चांदी चमकून विझते. पुन्हा नुसते हिरवे पाणी. हे पाहत बसले की साप्ताहिकाचा अंक, मजकूर, सगळे दुसऱ्या कुणाचे तरी वाटते.

दरवर्षी या दिवसांत कासिम आणि मी त्या धरून मिठात घालतो. पावसाळ्यात नदी लाल झाली की चिंगळी हाती लागत नाही, आणि मोठा शिवडा मासा खालून वर येतो तो नेमका तेव्हाच. म्हणून गळाचा चारा उन्हाळ्यातच भरून ठेवायचा. बरणी कासिमकडे असते. आई माळकरी, आमच्या घरात मासा नाही.

आज का. सहज म्हणाला, यंदा बरणी तू घाल.

मी म्हटले, मी का?

"शिकून ठेव की. इतकी वर्सं नुसता गळ धरून बसलास."

पाण्यात दोघांची डोकी शेजारी शेजारी हलत होती.

२७ एप्रिल, रविवार

का.च्या जुन्या लुंगीने चिंगळ्या धरल्या. तो कृती सांगत होता, हात माझे. आधी त्या स्वच्छ पाण्याच्या घागरीत सोडायच्या, पोटे रिकामी होऊ द्यायची. मग जाडे मीठ, त्यात थोडा टाकणखार. नुसत्या मिठाने चिंगळी काळवंडते, टाकणखाराने चांदी टिकते. टाकणखार त्याच्याच दुकानातला. बरणीत थर द्यायचे, अंगाचे पाणी सुटले की काढून कापडावर सावलीत सुकवायच्या, मीठ बदलायचे. अंग घट्ट झाले की पुन्हा बरणीत. मग गळाला धरून राहतात, ओढीत फाटत नाहीत.

बरणी आमच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत ठेवली. खिळे जुळवणारे धोंडोपंत नाकाला उपरणे लावून म्हणाले, आता एवढेच राहिले होते.

२ मे, शुक्रवार

अंक आज संपवायचा. मजकूर कमी, जाहिरात उशिरा. मधेच आठवले की चिंगळ्यांना पाणी सुटले असेल. कापड सापडेना. यंत्राजवळ आजचेच बिघडलेले ताव पडले होते, त्यांवर पसरल्या आणि अग्रलेखाकडे वळलो.

३ मे

काय सांगावे. ताव ओले होते. सगळी शाई चिंगळ्यांच्या अंगावर. पांढऱ्या पोटांवर अक्षरे उमटली, ती उलटी. एकीवर पाणीटंचाईच्या बातमीतला तुकडा, एकीवर औषधाची जाहिरात. धोंडोपंतांचा जन्म उलटे खिळे वाचण्यात गेला. त्यांनी त्या ओळीने मांडल्या आणि भराभर वाचून दाखवल्या. एक काना निसटला आहे म्हणाले.

का.ला बोलावले. त्याने एक उचलली, नाकाशी धरली. अत्तरवाल्याचे नाक.

"घासलेट. नाना, शिवडा पेपर वाचत न्हाई."

हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. सगळ्या खड्ड्यात पुरल्या. येत्या गुरुवारी तो निघणार आहे, पुन्हा बरणी भरायला तेवढे दिवस नाहीत.

सौ. म्हणाली, मुद्दाम केलेत ना? नाही. पण तसे विचारल्यावर राग आला नाही.

६ मे

का.चे जाणे लांबले. अम्मीला खरे कारण कळले आणि ती छापखान्यात आली, पहिल्यांदाच. खुर्ची दिली, बसली नाही. जे बोलली ते तिथेच असलेल्या का.ला, माझ्यादेखत.

"तेरे दोस्त से एक बरनी भरती नहीं, और तू उसके वास्ते रुकता?"

का. हळूच म्हणाला, शिकवल्याबिगर कसं टाकून जाऊ. म्हातारीने माझ्याकडे असे पाहिले की मी टेबलावरचे कागद नीट करू लागलो. जाताना दारात थांबली. तिचा नवरा याच नदीत पोहायचा, आणि जेवायला बोलावले की पाण्यातूनच ओ द्यायचा, असे सांगितले. कुणाला सांगितले कळले नाही. धोंडोपंतांनी यंत्र थांबवले होते.

११ मे, रविवार

पुन्हा धरल्या. डोह आणखी लहान झाला आहे, चिंगळ्या दाटीने फिरतात. ऊन पाण्याच्या तळापर्यंत जाते आणि तळाची वाळू हलल्यासारखी वाटते. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे, लुंगीची टोके धरून. त्या पायांना चाटून जातात. इतके शांत की दूर कुणी धुणे आपटत होते, तो फटका दगडावर आधी दिसे, मग ऐकू येई.

तिथेच विचारले. परत येणार का?

तो लुंगीकडे पाहत राहिला. "तिथं दर्या हाय म्हनं. खाऱ्या पान्यातलं मला काय कळतंय?"

मला वाटले, म्हणजे येणार. मग म्हणाला,

"पन अम्मीनं हात धरला तर? मी न्हाई सोडवून घेऊ शकनार, नाना. आत्ताच सांगतो."

लुंगी माझ्याकडून खाली गेली. धरलेल्या निम्म्या निसटल्या. त्याने पुन्हा टोक माझ्या हातात दिले.

१५ मे

मीठ बदलले. कापडावर सुकवल्या, कापड सौ.ने दिले. आईला सांगितले नाही असे ती म्हणते. आईने मला विचारले, कासिम निघाला का रे, आणि माळेवरून हात फिरवत बसली. तिला सगळे ठाऊक असावे.

१८ मे, रविवार

सकाळच्या मोटारीने गेली दोघे. नाशिक, तिथून मुंबई, मग बोट. सामान थोडके. म्हातारीने घराची माती रुमालात बांधून घेतली होती, ते पाहून का. दुसरीकडे बघू लागला. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. राग गेला की नाही, कळले नाही.

का. खिडकीतून म्हणाला, बरणी हलवू नको, भिंतीच्या गारव्याला ठेव. मोटार निघाल्यावर आणखी काही म्हणाला, ते धुळीत गेले. हात वर केला. मीही.

छापखान्यात आलो. मजकूर हाती घेतला आणि तासभर तीच ओळ तपासली.

९ जून

का.चे काही कळले नाही. मुंबईचे पेपर रोज येतात. कोण कुठे जाणार, कुठली रेघ कुठून जाणार. ते सगळे कापतो, जुळवतो, मथळे देतो. एवढ्या मोठ्या बातम्यांत एका अत्तराच्या दुकानाला कुलूप आहे, ते कुठे बसवावे.

बरणी उघडली. कोरडे मीठ, घट्ट अंग, चांदी तशीच. एक हातावर घेतली. मे महिन्याचे ऊन तिच्या अंगावर राहून गेल्यासारखे. वास बरा आहे, म्हणजे का.ला बरा वाटला असता असा.

२७ जून

गळ टाकायला जाणाऱ्या वकील मंडळींनी विचारले, नदी आली की आमच्याबरोबर चला, चारा आहे ना तुमच्याकडे. आहे म्हटले. देतो म्हटले नाही.

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात डोहाला किनाराच नव्हता. का. कमरेइतक्या पाण्यात पाठमोरा उभा, अम्मी लांबून जेवायला हाक मारते. तो ओ देतो, पण हलत नाही. जाग आली तेव्हा धोंडोपंत पानाचे प्रूफ घेऊन उभे होते.

१५ जुलै, मंगळवार

वर अकोले तालुक्यात जोराचा पाऊस. तिकडच्या मोटारीच्या ड्रायव्हरने सांगितले, पाणी पूल धरून चालले आहे, उद्यापर्यंत आपल्याकडे लाल होईल.

दुसरे. कराचीहून आलेला एक बागवान आज भेटला. त्याने का.ला तिथल्या बंदरावर पाहिले, तिकिटाच्या रांगेत. एकटा होता की अम्मी बरोबर होती, विचारले. गर्दी होती म्हणाला. तिकीट मुंबईचे काढत होता की कुणासाठी चौकशी करत होता, तेही त्याला सांगता येईना. बोललात का? हात केला, त्याने पाहिला नाही.

तिकडची पुढची बोट गुरुवारी मुंबईला लागायची आहे. लागली तर शुक्रवारी दुपारी नाशिकच्या मोटारीतून इथे माणसे उतरतील. शुक्रवार म्हणजे अंकाचा दिवस, मला जागचे हलता येत नाही. धोंडोपंतांना सांगितले, या आठवड्याचा अंक गुरुवारीच संपवायचा. त्यांनी कारण विचारले नाही. अग्रलेख आताच मागितला.